सविस्तर ऐकून घेतले

स्तामेंकाने वाकून भिंतीतली वायर उपसली आणि डॉक्टरांच्या समोरचा संगणक विझला.

"आता बघा माझ्याकडे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पाहिलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच. तिच्या डाव्या बरगडीखाली कळ येत होती, जिना चढताना दम लागत होता, आडवं झालं की छातीवर कुणीतरी तापलेली इस्त्री ठेवून विसरून गेल्यासारखं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, घरात समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवता का? वारा लागला असेल."

"मी कुणाची आजी नाही. आणि वारा बरगडीच्या आत शिरत नाही."

"वय काय तुमचं?"

"चौऱ्याहत्तर."

"झालं तर मग," असं म्हणून डॉक्टर वायर परत लावायला टेबलाखाली शिरले.

हे चौथे डॉक्टर. 'वय झालं' हे चौघांनीही ऐकवलंच होतं. पहिल्या बाईंनी एका भेटीत एकच तक्रार, असा नियम सांगितला होता. कळ सांगितली तर दम राहिला. दम सांगायला पुन्हा नंबर लावला तर कळ राहिली. दुसरे फोनवर गाडीचे हिवाळी टायर ठरवत मान हलवत होते. ती मान टायरवाल्यासाठी होती, हे तिला बाहेर आल्यावर कळलं. तिसऱ्यांनी काही ऐकायच्या आतच मन शांत राहायची गोळी लिहून दिली. त्या गोळीने मन शांत झालं नाही, रागाला मात्र पेंग यायला लागली. स्तामेंकाने उरलेल्या गोळ्या जिरेनियमच्या कुंडीत पुरल्या.

बाहेरच्या बाकापाशी येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "शेवटचं कोण?" शेवटचं जे असेल ते हात वर करून "मी" म्हणायचं. त्या दवाखान्यात स्तामेंकाचं तेवढंच एक म्हणणं कुणी ऐकून घेतलं होतं.

तिने स्वतः रेल्वेच्या तिकीटखिडकीत एकतीस वर्षं काढली होती. काचेतल्या मुठीएवढ्या भोकातून तिने बहिऱ्यांचं ऐकलं, तोतऱ्यांचं ऐकलं, पिऊन आलेल्यांचं ऐकलं, आणि कुठे जायचंय हेच न ठरवता आलेल्यांचंही. एकालाही चुकीचं तिकीट दिलं नाही. म्हणून तिचा संताप व्हायचा. तिने बेलग्रेडला आरोग्य मंत्रालयात अकरा पत्रं पाठवली. एकाला उत्तर आलं. त्यात तिचे आभार मानून त्याच दवाखान्याचा पत्ता दिला होता.

वायरीचं प्रकरण गावभर झालं तेव्हा तिच्या भावाचा मुलगा ओग्न्येन खसखशीचा रोल घेऊन आला. एरवी तो ईस्टरच्या अंड्यांपुरता उगवायचा.

"आत्या, भांडत बसू नकोस. तुझं ऐकून घेणारी डॉक्टर शोधलीय मी. वेळही घेतलीय. गाडीने नेतो."

"ऐकून घेणारी म्हणजे? किती मिनिटं?"

"तू थांबशील तोवर."

"मग तिला जेवून यायला सांग."

डॉक्टर त्रिवुनात्सबाईंच्या खोलीबाहेर गर्दी नव्हती. टेबलावर संगणक नव्हता. कोरे कागद होते आणि पेन. बाईंनी एका फॉर्मवर तिची सही घेतली, ओग्न्येनला बाहेर बसवलं आणि म्हणाल्या, "सांगा, स्तामेंकाबाई. अगदी सुरुवातीपासून."

स्तामेंकाने खुर्ची पुढे ओढली. मग ती जी सुरू झाली ती झालीच. बाई लिहीत होत्या. ती अडली की म्हणायच्या, "मग?"

"वायर उपसलीत तेव्हा काय वाटलं?"

"बरं वाटलं."

"पुन्हा उपसाल?"

"मला सोडून संगणकाकडेच बघत बसले तर उपसेन की."

"हे सगळे डॉक्टर मिळून तुम्हाला टाळतात, असं वाटतं?"

"वाटतं कसलं? चौघांनीही 'वय झालं' हेच ऐकवलं. पाठ केल्याशिवाय चार माणसं एकच वाक्य म्हणत नाहीत, बाई."

बाईंनी ते वाक्य पूर्ण लिहून घेतलं. "घरात पायऱ्या किती?"

"चौदा. दोनदा थांबावं लागतं."

"घर स्वतःचं?"

"माझंच. ओग्न्येनला त्या जागी सहा मजले दिसतात. मी म्हटलं, बाबा रे, मला चौदा पायऱ्या जड झाल्यात, सहा मजले कुठे चढायला लावतोस?"

"आज वार कोणता?"

"गुरुवार. मेंदूबिंदूही तपासता वाटतं?"

"सगळंच बघावं लागतं."

पन्नास मिनिटं झाली. बाईंनी ना नळी लावली ना रक्तदाब घेतला. स्तामेंकाच्या ते लक्षात आलं, आणि आवडलंही. दोन कानांनी इतकं ऐकल्यावर नळीचं काय काम? त्या दिवशी घरी जिन्यात ती दोनदा थांबली, पण कुणाला शिव्या न देता.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम दवाखान्यात गेली आणि बाकावरच्या सगळ्यांना सांगून आली की अशी डॉक्टर आहे, खरंच आहे. एका म्हातारीने पत्ता मागितला. स्तामेंकाने तिला ओग्न्येनचा नंबर दिला.

तीन आठवड्यांनी जाड लिफाफा आला. पोचपावतीवर सही करून ती स्वयंपाकघरात चष्मा लावून बसली. वरचा शिक्क्यांचा मजकूर तिने ओलांडला. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेलं माणूस पहिला परिच्छेद वाचत नाही.

चार पानं होती. बाईंनी एक शब्द गाळला नव्हता. वायर होती. कुंडीत पुरलेल्या गोळ्या होत्या. अकरा पत्रं होती. चौघांनी पाठ केलेलं वाक्य तर तिच्याच शब्दांत, अवतरणात होतं. सहा मजल्यांचा विनोदसुद्धा होता. स्तामेंका एकटीच हसली, आणि आता आपल्या छातीचं काय निघालं ते बघायला तिने शेवटचं पान काढलं.

"छातीतील कळ व दम यांविषयी अर्जात विचारणा नसल्याने तपासणी केलेली नाही," असं तिथे लिहिलं होतं. "सबब, सदर स्त्री स्वतःचे आरोग्य व मालमत्ता यांविषयी निर्णय घेण्यास असमर्थ असून, अर्जदार भाचा ओग्न्येन यांस तिचे पालक नेमावे, असे मत माननीय न्यायालयास सादर."