पिकअपचं नवं लॉक

कुकरची शिट्टी झाली तेव्हा आम्ही दोघं अजून अंगणातच होतो. मी पिकअपच्या स्टिअरिंगशी वाकून किल्लीचं जुनं लॉक ओढत होते. हे दाराशी खुर्चीत बसून बघत होते. पॅरालिसिसच्या झटक्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो.

गाडी मला चालवता येते. पण ते झिजलेलं लॉक फक्त त्यांचंच ऐकायचं. किल्ली जरा दाबून, जरा उचलून फिरवावी लागे. मला ते कधी जमलं नाही. आज नवं लॉक बसलं नाही, तर उद्या भाऊजी गाडीला गिऱ्हाईक आणणार होते.

"किल्ली अर्धी फिरल्याशिवाय दिवाळीपर्यंत ओढलंस तरी निघायचं नाही ते. सरक जरा."

भिंत धरत हे आले. डाव्या हाताने, दोनदा चुकून, त्यांनी किल्ली अर्धी फिरवली. मी केसांतला आकडा काढून बारक्या भोकातली पिन दाबली आणि लॉक अलगद हातात आलं.

नवं बसवून किल्ली फिरवली, तर इंजिन पहिल्याच दमात सुरू.

"आता काय, कुणीही चालवेल," हे म्हणाले, पण हसत होते.

"कुणीही नाही, मी. भाऊजींना कळवा, उद्या डेअरीचे कॅन मी नेतेय."

लेक शेजारच्या सीटवर चढून बसली. माझे हात अजून स्टिअरिंगवरच होते.

"आई, बाबांचा हात बरा झाला की गाडी त्यांना परत देशील?"

हेही माझ्याकडे बघू लागले.