काशाची वाटी

तळपायांची आग झाली की तूप लावून काशाच्या वाटीनं घासायचं, हा प्रमिलाताईंचा जालीम उपाय. सासूबाई, नवरा, पांढरकवड्याची नणंद, सगळ्यांचे तळवे त्यांनी तीस वर्षं घासले. आता त्यांच्याच पायांची आग होत होती, आठ दिवस झोप नव्हती आणि गुडघे वाकत नसल्यानं हात तळव्यांपर्यंत पोचत नव्हता. दुपारी दिगांबरराव वाटी घेऊन बायकोच्या पायांशी बसले. ताईंनी पाय साडीत ओढले. "काहीतरीच तुमचं! नवऱ्यानं पायाले हात लावला तं पाप लागते मले." दिगांबररावांची हयात कोर्टाच्या कारकुनीत गेलेली. "हात कुठं लावून राह्यलो? वाटी लावतो. वाटी काही तुहा नवरा नाही." मुद्दा बिनतोड होता, पण वरचं कोर्ट देव्हाऱ्यात बसलं होतं. "आधी देवांचा पडदा ओढून या." ते परतले तेव्हा दोन्ही पाय साडीबाहेर आले होते.