साठ टक्के हिरवं
“बुजवलेल्या खाणीवर निसर्ग जिंकला!” हे अहवालाचं पहिलं वाक्य वनस्पतितज्ज्ञ चेलनाने शिरपूरहून येतानाच लिहून ठेवलं होतं. पोहोचली तेव्हा निसर्ग बांधावर ढीग होऊन पडला होता. राखणदार हिलालआबा अभिमानाने म्हणाले, “ताई, तुम्ही येनार म्हनीसन आजच बठ्ठं गवत निंदी टाकं. कपाशीनं वावर बी इतलं साफ नही!” हेच गवत वाढावं म्हणून त्यांनी तीन वर्षं गावाची गुरं हाकलली होती. आजच्या मोजणीत साठ टक्के जमीन हिरवी भरली नाही, तर इथे शहराचा कचरा येणार होता. आत किती हिरवं आहे ते मोजायची लोखंडी चौकट चेलनाने मातीवर टाकली. शून्य. चौकट कुठे टाकायची, हे नियमात नव्हतं. तिने ती उचलून गवताच्या ढिगावर ठेवली आणि गंभीरपणे लिहिलं: शंभर टक्के. आबा खाकरले. “मोजाई गयं व्हई ते चौकट उचला ताई, म्हैस भुकी शे.”