मागेल त्याला सोनं

मीठवाल्याने नोट पाववालीच्या अंगावर परत फेकली. "कागद नको. नाणं असेल तर मीठ ने."

"कालपर्यंत चालत होती ना?"

"काल पेढीत सोनं होतं. आज नाही म्हणतात."

तिचं डोकं फिरलं. गावात तिला सगळे मिरची म्हणत, ते काही उगाच नाही. पिठाने माखलेल्या हातांनीच ती भर बाजारातून तरातरा पेढीकडे निघाली. वाटेत खाटीक भेटला, शिंपीण भेटली, सुतार भेटला. सगळ्यांच्या मुठीत नोटा.

पेढी फार जुनी नव्हती. सावकार बाहेरगावाहून आला, लोकांची सोन्याची नाणी सांभाळायला घेऊ लागला आणि बदल्यात छापील चिठ्ठ्या देऊ लागला. चिठ्ठी आणेल त्याला तेवढं सोनं मिळेल, असं तिच्यावर लिहिलेलं असे. नाणी जड, चिठ्ठी हलकी. लोक चिठ्ठी देऊनच पीठ, कापड, बकरी घेऊ लागले. तिलाच नोट म्हणू लागले. सोनं मागायला कोणी जाईनासंच झालं.

आज मात्र सगळं गाव आलं होतं. आतून अडसर घातलेला. सुताराने खांदा लावून दार मोडलं.

"चार वर्षं रंधा ओढलाय मी," तो म्हणाला. "घरावर छप्पर घालायचंय. माझं सोनं दे, नाहीतर तुझं छप्पर उतरवतो."

"मिळेल, सगळ्यांना मिळेल. फक्त रांगेत या." सावकार मागे सरकत म्हणाला.

"रांग गेली खड्ड्यात." मिरचीने त्याची गचांडी धरली. "आतली खोली उघड. सगळ्यांसमोर. सोनं नसलं तर इथून तू तुझ्या पायांनी जाणार नाहीस."

"उघड, उघड," मागून गर्दी ओरडली.

सावकाराने कमरेची किल्ली काढली. आत पाच पेट्या होत्या. मिरचीने एकेकीचं झाकण धाडकन मागे टाकलं. सगळ्या काठोकाठ पिवळ्याधमक. तिने ओंजळभर नाणी उचलली, एक दाताखाली धरून पाहिलं आणि सगळी खणखणत परत सोडली.



"त्या मीठवाल्याला आणा इथे कोणीतरी," ती म्हणाली. "उगाच तोंडाला फेस आणला माणसांच्या." मग आपल्या नोटा कमरेला खोचत सावकाराला म्हणाली, "राहू दे तुझं सोनं तुझ्याकडे. माझ्या दाराला धड कडी नाही."

लोक हसले. राग उतरला तशी लाज वाटू लागली. खाटीक गेला, शिंपीण गेली. सुतार जरा घुटमळला. मग घरी जाऊन बायकोने गाडग्यात लपवलेली नाणीही घेऊन आला आणि त्यांच्या नोटा करून घेतल्या.

दुपारी मिरचीने दुकान बंद केलं आणि मागच्या खोलीत गेली. सावकार तिथे पाणी पीत बसला होता. तिचा राग अजून गेला नव्हता.

"पेट्यांतल्या खिळ्यांवर नाण्यांचा थर जाड दे म्हटलं होतं ना, दादा?" ती म्हणाली. "लहानपणापासून तुझं प्रत्येक काम असंच अर्धवट."