बोटभर आखूड

"पुन्हा आखूड," थोरली म्हणाली आणि पाइप बाकावर ठेवला.

बॉनेटखाली कोपरापर्यंत हात घालून उभ्या असलेल्या बाबांनी मान वर केली नाही. "किती?"

"बोटभर."

"गाठ सरकली असेल. बोटांत आता पूर्वीचा जोर नाही."

दरवेळी ते हेच म्हणत. डोळ्यांपुढे धुकं दाटल्यापासून टेपवरचे आकडे त्यांना दिसत नसत. म्हणून ते सुतळीनं माप घेत. तिचं एक टोक इंजिनाच्या तोंडाशी धरायचं, चाचपत चाचपत, वळणं घेत सुतळी पुढच्या चाकाच्या कमानीपर्यंत न्यायची आणि जिथं हवेचा फिल्टर बसायचा तिथं गाठ मारायची. ती सुतळी पाइपवर धरून करवतीनं कापायचं काम थोरलीचं.

गाडी जुनी, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. कधीकाळी शर्यतीत पळालेली. तिचा हवेचा डबा इंजिनाला खेटून होता. इंजिन तापलं की आपलीच गरम वाफ परत ओढायचं आणि चढावर धापा टाकायचं. बाबांना तिला बाहेरची गार हवा द्यायची होती, त्यासाठीच हा लांब पाइप.

"जन्मभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या," ते म्हणत. "हिला एकदा मोकळा श्वास घेऊ दे. मग मी जातो."

जायचं म्हणजे धाकट्या लेकाकडे, दूरच्या शहरात. त्यानं खोली रंगवून ठेवली होती. गाडी नीट झाली की तो येणार, बाबांना शेजारी बसवून हीच गाडी चालवत नेणार आणि गॅरेजला कुलूप लागणार. हे ठरलं तेव्हा थोरलीच पहिल्यांदा बोलली होती, "बरं होईल. मलाही आता होत नाही."

खरंच होत नव्हतं. दिवसभर शिलाई मशीन, लोकांचे कपडे उसवायचे, शिवायचे. मग बाबांचं जेवण, गोळ्या, डोळ्यांतले थेंब. संध्याकाळी पाय सुजत. हिची कात्री कधी चुकत नाही, असं गिऱ्हाईकं म्हणायची. पण कौतुकानं कंबर शेकली जात नाही.

थकलेली गाडी, थकलेला बाप, थकलेली लेक. तिघांच्या डोक्यावर एकच पत्रा.

दुसऱ्या दिवशी ती लेथवाल्याकडे गेली. अॅल्युमिनियमचा पाइप वाकवून द्यायचं काम त्याचं.

"अजून एक?" तो हसला. "ताई, पाइप कापताय की काकडी?"

"बाबांचं माप चुकतंय. वय झालं."

"अहो, मग जोडाला जरा लांब रबर लावा की!"

"ते नको म्हणतात. लांब रबर हवेच्या ओढीनं आत चेपतं, गाडीचा जीव गुदमरतो म्हणे."

"तुमचे बाबा म्हणजे ना!" असं म्हणून त्यानं नवा पाइप यंत्रात घातला.

ती परतली तेव्हा बाबा स्टुलावर बसून आधीचे आखूड तुकडे मांडीवर घेऊन चाचपत होते. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवायचा, तुकडा ठेवायचा, दुसरा घ्यायचा. तिची चाहूल लागताच त्यांनी ते बाजूला सारले.

तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. तिचे हात भरलेले, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"ताई, झालं का गं?"

"नाही रे. परत आखूड."

"ताई, खरं सांग," तो म्हणाला. " बाबांचं डोकं ठिकाणावर आहे ना? सुतळीचं साधं माप! मला भीती वाटते गं. इथं आणल्या आणल्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवतो. एकट्यानं कुठं सोडायला नको आता त्यांना. दाराला बाहेरून कडी लावून घेतो."

थोरलीनं घाईनं फोनकडे हात नेला, पण बाबांनी ऐकलं होतं.

"दाखव," ते म्हणाले. "माझंच चुकतंय. तिला काही बोलू नकोस."

फोन बंद झाल्यावरही ती कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली.

"चला," शेवटी ती म्हणाली. "माप घ्या. संपवून टाकू हे."

बाबांनी सुतळी लावली. गाठ मारली.

"घट्ट मारलीत ना?"

"मारली."

तिनं सुतळी पाइपवर ताणली, खडूनं खूण केली. करवत हातात घेतली आणि तशीच उभी राहिली.

"काय गं?"

"काही नाही. डोळ्यांत कीस गेला."

"अजून कापलंस कुठं?"

करवत चालू लागली. बाबा मान तिरकी करून तो आवाज ऐकत होते, आडोशाला बसून गाणं ऐकावं तसे. मग तिनं कडेवरून कानस फिरवली आणि पाइप जागी धरला.

एक टोक इंजिनाला, दुसरं फिल्टरला. दोन्हीकडे रबर चपखल चढलं. तिनं पट्ट्या आवळल्या.

"बसला, बाबा."

तिनं आत बसून किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली आणि मग तिनं श्वास घेतला. खोल, गार, लांबलचक. पत्रा थरथरला. थोरलीनं हलकेच पाय दाबला तशी ती पहाटे जाग आलेल्या माणसासारखी घुमली, कुठं अडखळ नाही, कुठं धाप नाही.

बाबा फिल्टरपाशी वाकले. तळहात धरून त्यांनी हवेची ओढ पाहिली. मग दोन्ही जोडांवरून बोटं फिरवली, एकदा, पुन्हा एकदा, कुठं फट राहिली असेल तर म्हणून.

"बंद कर."

गॅरेजमध्ये एकदम शांत झालं. ती खाली उतरली. तिच्या हातात फोन होता.

"धाकट्याला कळवते," ती म्हणाली.

बाबांनी बाकावरची सुतळी चाचपून उचलली, गाठीवर अंगठा टेकवला आणि आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"इतके दिवस नेमकं बोटभर आखूड कापत होतीस, पोरी," ते हळूच म्हणाले. "आज कशी गं चुकलीस?"