मोठ्यानं वाजवा

गिटारच्या जुन्या केबलचा फटका बरोबर बोटांच्या पेरांवर बसला आणि वायरमनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"सूर अर्ध्यातच सोडलास," सर म्हणाले. "बोटांनी नाही, मनगटानं ओढ. पुन्हा."

वायरमननं अनामिकेनं तार वर ढकलली, मागची दोन बोटं आधाराला लावली. सूर चढत चढत जागेवर गेला आणि तिथं थरथरला.

"हां, आता कसं!" सरांचा चेहरा खुलला. "चार महिने थांब, तुला स्टेजवर उभा करतो."

वायरमन अडतीस वर्षांचा. आठवडाभर लोकांच्या भिंती फोडून वायरी ओढायच्या आणि रविवारी सकाळी सरांकडे लीड गिटार शिकायची. बायको म्हणायची, "या वयात लोक गुडघ्याला तेल चोळतात, तुम्ही गिटार घेऊन बसलाय." पण सहा महिन्यांत त्याची बोटं खरंच धावायला लागली होती. सरांसारखा शिकवणारा शोधूनही सापडला नसता. शिकवणं सोडलं तर माणूस म्हणून मात्र सैतान. दर रविवारी मध्येच ते ॲम्प्लिफायरचा आवाज चढवायचे आणि म्हणायचे, "पूर्ण सोलो वाजव. मी आतून ऐकतो." आत जायचे, दार लावून घ्यायचे. मग सोलोच्या आडून पट्ट्याचा आवाज यायचा, आणि वहिनींचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, दाबून ठेवलेलं ओरडणं.

पहिल्या वेळी वायरमनला कळलंच नाही. दुसऱ्या वेळी कळलं. तिसऱ्या वेळी त्यानं हात थांबवला, तेव्हा सरांनी बाहेर येऊन त्याची पाठ सोलून काढली. त्यानंतर तो कधी थांबला नाही. स्वतःच्याच तोंडावर थुंकावंसं वाटायचं, पण हात वाजवत राहायचे. आणि वाजवणं सुधारत होतं, हे तर त्याहून वाईट.

गेल्या रविवारी वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कानातून रक्त गळत होतं. बुधवारी वायरमन खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त फौजदारांकडे गेला.

"मला काय कळत नाही होय?" फौजदार उसळले. "दोनदा वर जाऊन आलो. दार उघडून हसतो मेला, म्हणतो सराव चाललाय. बायको ब्र काढत नाही. शेजारी म्हणतात, आम्हाला तर गाणंच ऐकू येतं."

"आणि गाणं मध्येच बंद झालं तर?"

फौजदारांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तर सगळी बिल्डिंग ऐकेल. तू फक्त बंद कर. मी चार माणसं घेऊन जिन्यात उभा राहतो, चौकीतल्या पोरांनाही बोलावतो. दार तोडून त्याला बाहेर काढू. पण थांबायची छाती आहे का तुझी?"

"आहे," वायरमन म्हणाला. नव्हती, पण म्हणाला.

म्हणूनच आज बोटं सारखी घसरत होती. जिन्यात माणसं येऊन उभी असतील का, हाच विचार डोक्यात घोळत होता.

वहिनी पाणी घेऊन आल्या. कानावर पट्टी, एक डोळा सुजून पार मिटलेला. सर खिडक्या लावायला वळले तेवढ्यात वायरमन पुटपुटला, "वहिनी, आज घाबरू नका. मी आज..."

"भावजी, आज काहीतरी मोठं वाजवा," त्यांनी त्याला बोलूच दिलं नाही. "आणि मोठ्यानं वाजवा. मध्ये थांबू नका."

एवढा मार खाऊनही बाईला लोकांची लाज! आता काहीही झालं तरी थांबायचंच, असं त्यानं ठरवून टाकलं.

थोड्या वेळानं आतून वहिनींची हाक आली. "जरा येता का? कपाट सरकत नाहीये."

"शिकवताना हाक मारायची नाही, कितीदा सांगायचं हिला?" सर दातओठ खात उठले. त्यांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. "सोलो घे. हिला आज दाखवतोच." केबल हातात घेऊनच ते आत गेले, दार लावून घेतलं.

वायरमननं सुरुवात केली. भीतीनं हात नेहमीपेक्षा वेगानं सुटले. आतून पहिला दणका आला. हा पट्ट्याचा नव्हता. मग काहीतरी जड कोसळलं. पाठोपाठ दुसरा दणका. अरे देवा, आज हा तिचा जीवच घेतोय!

सोलोचा सगळ्यात उंच सूर चालू होता. वायरमननं तळहात तारांवर दाबला आणि ॲम्प्लिफायर बंद केला.

सगळी बिल्डिंग चिडीचूप झाली. तिसरा दणका स्पष्ट ऐकू आला, आणि मागोमाग कुणाचं तरी घुसमटलेलं कण्हणं.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" जिन्यातून फौजदार गरजले. "चला वर!"

पावलं धाडधाड चढू लागली. वायरमनला रडूच फुटलं. त्या तिसऱ्या वेळेनंतर आज कुठे तो माणसासारखा वागला होता. आता सर बाहेर येतील, हात मोडतील, मोडू देत. बाई तर वाचली.

आतलं दार उघडलं.

दारात वहिनी उभ्या होत्या. दोन्ही हातांत माइकच्या स्टँडचा लोखंडी पाया होता आणि कोपरापर्यंत रक्त. मागे फरशीवर सरांचे पाय अजून हलत होते.

"सहा महिने वाजवत राहिलात, भावजी," त्या म्हणाल्या. "आजच थांबायचं सुचलं?"