राखलेली जागा

"आई, यायचं फार मनात असतं गं, पण तुमच्या त्या चर्चपाशी गाडी लावायची कुठे?" दर रविवारी लेकाचा हाच फोन, आणि दर रविवारी बाकावर आईच्या शेजारची जागा रिकामी. शेवटी वैतागून तिने चर्चला लागून असलेली आपली बागच चर्चला गाड्या लावायला देऊन टाकली. जिवापाड जपलेले गुलाब उपटले गेले, वर खडी पडली, पांढरे पट्टे ओढले गेले.

पहिल्याच रविवारी गाड्यांची ही रीघ लागली. दाराजवळच्या जागेवर तिने गुलाबांना पाणी घालायची बादली उपडी ठेवली.

"काकू, ही आता कशाला?" शेजाऱ्याने गाडीतूनच विचारलं.

"माझा लेक येतोय. हलवलीस तर गाठ माझ्याशी आहे."

सगळ्यांनी बादलीचा मान राखला. प्रार्थनाभर ती मागे वळून दाराकडे बघत राहिली. बाहेर येऊन पाहते तर बादली होती तिथेच. तिने तणतणत फोन लावला. "आता कसलं निमित्त?"

"अगं, आलो होतो की. दोन चकरा मारल्या. एकच जागा मोकळी होती, पण तिथे कुणीतरी बादली ठेवली होती."